ओढ्यातली काळी रेती आणि क्रोमचा धंदा

पेण आणि रोहे या दोन तालुक्यांच्या टापूत गागोदे बुद्रुक हे गाव आहे. गागोदे म्हटले की लोकांना आचार्य विनोबा भावे आठवतात, कारण १८९५ साली त्यांचा जन्म गागोद्याचा. पण आज आमचा विषय वेगळा आहे. या बाजूच्या डोंगरांतून उतरणाऱ्या ओढ्यांच्या वळणांवर पावसाळा ओसरला की काळ्या, जड, चकचकीत रेतीचे पट्टे उघडे पडतात. ही रेती मुठीत घेतली तर नेहमीच्या वाळूपेक्षा वजनाला भारी लागते. उन्हात धरली तर धातूसारखी चमकते. मग कोणीतरी जाणकार म्हणवणारा म्हणतो, "ही साधी रेती नव्हे, ही क्रोमची रेती आहे, स्टीलच्या कारखान्यात जाते." एवढे ऐकले की व्यापारी माणसाचे कान टवकारणारच. शेजारी डोलवीला मोठा पोलाद कारखाना, रोह्याजवळ धाटावला रसायनांची वसाहत, माल पोचवायला मुंबई-गोवा हमरस्ता आणि रेल्वे. हिशेब मनातल्या मनात मांडून होतो आणि बयाण्याची भाषा सुरू होते.

या लेखात आम्ही त्याच हिशेबाची फोड करणार आहोत. आमचे मत आधीच सांगून टाकतो. रायगडच्या काळ्या पाषाणातून वाहून आलेल्या रेतीत विकण्याजोगे क्रोम नसते. पण आपल्या कारागिरांच्या आणि दुकानदारांच्या रोजच्या कामात मात्र क्रोम जागोजागी आहे. चामड्यात, भांड्यात, मोटारसायकलच्या दांड्यात, सिमेंटच्या पोत्यात आणि अंगठीच्या खड्यातही. ओढ्यातल्या क्रोमच्या मागे लागण्यापेक्षा हातातले क्रोम ओळखणे जास्त फायद्याचे आहे. म्हणून दोन्ही गोष्टी इथे एकत्र घेतल्या आहेत.

प्रथम क्रोम म्हणजे काय ते पाहू. १७६६ साली रशियातल्या उरल पर्वतात, बेरेझोव्स्क इथल्या सोन्याच्या खाणीत, एक नारिंगी-तांबडे खनिज मिळाल्याची नोंद लेमान नावाच्या खनिजतज्ज्ञाने केली. ते शिशाचे खनिज आहे एवढेच त्या वेळी कळले. पुढे १७९७ साली पॅरिसमध्ये व्होकलँ या रसायनशास्त्रज्ञाने त्यातून एक नवीन धातू असल्याचे दाखवले. या धातूचे क्षार कधी पिवळे, कधी हिरवे, कधी तांबडे, कधी जांभळे होतात, म्हणून ग्रीक भाषेतल्या 'रंग' या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव क्रोमियम पडले. पाचूचा हिरवा रंगही याच धातूमुळे येतो हे व्होकलँनेच शोधले. माणिकाचा लाल रंगसुद्धा क्रोमचाच. एकच धातू एका खड्यात हिरवी आणि दुसऱ्यात लाल! जवाहिराचा धंदा करणाऱ्यांना हेही ठाऊक असावे की १९०२ पासून प्रयोगशाळेत ज्योतीवर माणिक तयार होऊ लागले, आणि त्यातही ॲल्युमिनाच्या भुकटीत थोडे क्रोमिक ऑक्साइड मिसळूनच रंग आणला जातो. म्हणून नुसता रंग पाहून खाणीतले माणिक आणि कारखान्यातले माणिक वेगळे काढता येत नाही.

ते नारिंगी खनिज मात्र दुर्मिळ आहे. जगाचा क्रोमचा सगळा धंदा ज्याच्यावर चालतो ते खनिज वेगळे, त्याचे नाव क्रोमाइट. ते लोखंड, क्रोम आणि प्राणवायू यांचे बनलेले असते. रंगाने काळे, जड, आणि अगदी शुद्ध स्वरूपात त्यात सुमारे ६८ टक्के क्रोमिक ऑक्साइड. प्रत्यक्ष खाणीतून निघणारा माल यापेक्षा बराच हलका असतो, कारण त्यात मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमही शिरलेले असते.

आता प्रश्न असा की क्रोमाइट ओढ्यात सापडते का? सापडते. हे सांगितले नाही तर आम्ही अर्धेच सांगितल्यासारखे होईल. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराजवळ आयझॅक टायसन नावाचा व्यापारी होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने पाहिले की ज्या उजाड माळांवर झाडझाडोरा नीट वाढत नाही, खाली हिरवट सर्पिल खडक आहे, तिथेच हे काळे खनिज मिळते. त्या माळांवरून वाहणाऱ्या ओढ्यांतली काळी रेती धुऊन त्याची माणसे क्रोमाइट वेगळे काढीत. १८२८ ते १८५० या काळात जगाला लागणाऱ्या क्रोमाइटचा मोठा भाग त्याच्याच जमिनींतून जात होता. पुढे तुर्कस्तानात बुरसा शहराजवळ साठे सापडले आणि त्याची मक्तेदारी संपली. उत्तरेकडचे दुसरे उदाहरण फिनलंडचे. तिथे अगदी वर, केमी गावाजवळ, १९५९ साली गोड्या पाण्याचा कालवा खोदताना एका पाणबुड्याला खनिजाचा धोंडा दिसला. तो त्याने तज्ज्ञांकडे पाठवला आणि त्यातून मोठी क्रोमाइट खाण उभी राहिली. ती आजही चालू आहे. आपल्या देशात म्हणाल तर लडाखमध्ये द्रासच्या बाजूला क्रोमाइट आहे. पण ते थोडे थोडे, गाठींच्या रूपाने, आणि असल्या दुर्गम, वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली जाणाऱ्या मुलखात आहे. खनिज असणे आणि धंदा होणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत ते द्रासकडे पाहिले की समजते.

टायसनच्या गोष्टीतला मुद्दा नीट लक्षात घ्यावा. ओढा क्रोम तयार करीत नाही. वरच्या डोंगरात जे असेल तेच ओढा खाली आणतो. वर सर्पिल किंवा त्याच जातीचा, पृथ्वीच्या पोटातून आलेला जड हिरवा-काळा खडक असेल तर खाली क्रोमाइट मिळू शकते. वर तो नसेल तर खाली कितीही काळी रेती दिसो, क्रोमची आशा धरू नये.

गागोद्याच्या वर काय आहे? सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा सगळा मुलूख तयार झाला. या पाषाणात क्रोम अजिबात नसते असे नाही. पण सर्वसाधारण बेसाल्टात ते दहा लाख भागांत शंभर-दोनशे भाग, क्वचित त्याहून जास्त, एवढेच असते. म्हणजे एक टन दगड फोडला तर त्यात शंभर-दोनशे ग्रॅम क्रोम, तेही दुसऱ्या खनिजांत विखुरलेले. खाणीच्या मालात तेच प्रमाण टनामागे दोन-तीनशे किलो असते. ज्याला व्यापार कळतो त्याला यापुढे काही सांगायला नको.

मग ती काळी रेती कशाची? ती बहुतेक मॅग्नेटाइटची, म्हणजे चुंबकीय लोहखनिजाची, त्यात टायटॅनियमचा अंश असलेली. बेसाल्ट झिजला की त्यातले हलके कण पाणी पुढे नेते आणि हे जड कण वळणावर मागे राहतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पूर्णगड, मालगुंड या बाजूला जी काळी वाळू आहे तिच्यातले इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिजही असेच लाटांनी निवडलेले आहे. रायगड जिल्ह्याची खरी खनिज संपत्ती म्हणायची तर श्रीवर्धन, मुरूड, रोहे या बाजूच्या जांभ्याच्या पठारांवरचे बॉक्साइट. त्याचा क्रोमशी संबंध नाही.

महाराष्ट्रात क्रोमाइट नाहीच का? आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कणकवलीजवळ जानवली आणि वागदे या गावांत, गड नदीच्या परिसरात, सर्पिल जातीचे खडक आहेत आणि त्यांत क्रोमाइट आहे. विदर्भात भंडारा जिल्ह्यात पवनीच्या बाजूला, नागपूर जिल्ह्यात टाका इथे आणि चंद्रपूर जिल्ह्यातही त्याच्या नोंदी आहेत. कोकणातल्या वाचकांनी यातून एवढे घ्यावे की कणकवली आणि गागोदे दोन्ही कोकणात असली तरी पायाखालचा खडक एक नाही. सिंधुदुर्गात लाव्हाचे थर झिजून त्याखालचे फार जुने खडक उघडे पडले आहेत. रायगडात ते थर हजारो फूट जाडीचे शिल्लक आहेत. "कणकवलीला सापडले मग पेणला का नाही" या प्रश्नाचे उत्तर हेच.

आणि महाराष्ट्राचे साठेही ओडिशापुढे काहीच नाहीत. भारताच्या क्रोमाइटपैकी नव्वद टक्क्यांहून कितीतरी जास्त ओडिशात आहे, त्यातही जाजपूर जिल्ह्यातल्या सुकिंदा खोऱ्यात. कर्नाटकात हासन जिल्ह्यात ब्यारापूरच्या बाजूला थोडे आहे. जगात दक्षिण आफ्रिका सर्वांत पुढे. कझाकस्तानात तर एका खाण-गावाचे नावच 'ख्रोमताऊ', म्हणजे क्रोमचा डोंगर. आपल्या कोकणातली पुष्कळ मंडळी मस्कत, सोहारकडे नोकरीला राहिली आहेत. त्या ओमानच्या डोंगरांतही हाच सर्पिल जातीचा खडक मैलोगणती पसरलेला आहे आणि तिथून क्रोमाइट निर्यात होते. तिथल्या कोरड्या वाडीत काळा जड धोंडा सापडला तर तो क्रोमाइट असण्याचा संभव खरोखर आहे. तोच अनुभव घेऊन गावी आलेल्या माणसाने इथल्या ओढ्याकडे पाहू नये.

घरच्या घरी पारख

आता पारख कशी करायची ते सांगतो. यातले बहुतेक सोनार-कासारांच्या दुकानात सहज होते.

पहिले लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधले चुंबक कागदात गुंडाळून रेतीवरून फिरवा. रेती उड्या मारून झुपक्यांनी चिकटली तर ते मॅग्नेटाइट. बेसाल्टाच्या मुलखात बहुतेक काळ्या रेतीचे असेच होते आणि चौकशी तिथेच संपते. क्रोमाइट साध्या चुंबकाला फारसे दाद देत नाही. मात्र याची उलट बाजूही ध्यानात ठेवावी. रेती चिकटली नाही म्हणून ती क्रोमाइट ठरत नाही. इल्मेनाइटही साध्या चुंबकाला झटकन चिकटत नाही आणि बेसाल्टातले ऑजाइट नावाचे काळे खनिजही तसेच.

दुसरी पारख ओरखड्याची. सोनार जसा कसोटीवर कस लावतो तसा धोंड्याचा कोपरा न चकाकणाऱ्या पांढऱ्या फरशीवर घासावा. न्हाणीघराच्या टाइलची मागची बाजू चालते. मॅग्नेटाइटचा कस काळा उमटतो, क्रोमाइटचा गडद तपकिरी. तांबडा उमटला तर हेमेटाइट, म्हणजे साधे लोहखनिज. वरून दोन्ही धोंडे सारखेच काळे दिसले तरी कस फरक दाखवतो. दलाल लोक धोंडा दाखवतात, कस दाखवीत नाहीत.

तिसरी पारख वजनाची आणि आम्हाला ती सर्वांत आवडते, कारण तराजू तर प्रत्येक दुकानात असतो. धोंडा आधी कोरडा तोलावा. मग दोऱ्याने बांधून, तराजूला टांगून, बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून तोलावा. तळाला टेकू देऊ नये. कोरड्या वजनाला घटलेल्या वजनाने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. समजा धोंडा २४० ग्रॅमचा आहे. पाण्यात तो १८७ भरला तर घट ५३, भागाकार साधारण साडेचार. क्रोमाइट साडेचार ते पावणेपाचच्या आसपास असते. तोच धोंडा पाण्यात १९४ भरला तर घट ४६, भागाकार ५.२, म्हणजे मॅग्नेटाइट. आणि १५७ भरला तर घट ८३, भागाकार २.९, म्हणजे तो निव्वळ काळा पाषाण, घरी परत न्यायचीही गरज नाही. इल्मेनाइट ४.७ च्या आसपास असल्यामुळे या एकट्या पारखीवर निकाल देऊ नये. तीनही पारखी एकत्र पाहाव्यात.

चौथी पारख जुनी आहे, टाकणखाराच्या मण्याची. तारेच्या वळ्यात टाकणखार वितळवून काचेसारखा मणी करायचा, त्याला खनिजाची अगदी चिमूटभर पूड लावायची आणि फुंकणीच्या निळ्या, चांगली हवा मिळणाऱ्या ज्योतीत पुन्हा तापवायचा. क्रोम असेल तर थंड झालेला मणी पाचूसारखा हिरवा राहतो. लोखंड असेल तर मणी पिवळसर दिसतो. मात्र ज्योतीत धूर असेल, हवा कमी असेल तर लोखंडाचा मणीही बाटलीसारखा हिरवा होतो आणि माणूस फसतो. शिवाय तार प्लॅटिनमची हवी. विजेच्या शेगडीची नायक्रोम तार वापरू नये, कारण त्या तारेतच क्रोम असते. खनिजाची पूड सोडा-सोऱ्याबरोबर भट्टीत भाजून पिवळा रंग काढण्याची आणखी एक रीत काही जण सांगतात. ती घरी कोणीही करू नये. त्यातून जे पिवळे तयार होते ते विषारी असते आणि त्याबद्दल पुढे येतेच आहे.

समजा सगळ्या पारखींत धोंडा उतरला. तरी भाव ठरायला प्रयोगशाळेचे दोन आकडे लागतात. एक क्रोमिक ऑक्साइडचे टक्के, दुसरे क्रोम आणि लोखंड यांचे प्रमाण. चांगल्या प्रतीचे फेरोक्रोम बनवायला साधारण ४६-४८ टक्क्यांचा आणि लोखंडाच्या सुमारे तिप्पट क्रोम असलेला माल पसंत केला जातो. टक्के चांगले पण लोखंड जास्त, असा माल दुसऱ्या कामाला जातो आणि भाव उतरतो. हे दोन आकडे ज्या कागदावर नाहीत त्या कागदावर सौदा करू नये.

कायद्याचेही थोडक्यात. क्रोमाइट हे १९५७ च्या केंद्रीय खाण कायद्याखालचे प्रमुख खनिज आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर अशा खनिजांचे पट्टे लिलावाने दिले जातात. सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याने स्टँप पेपरवर सही दिली म्हणून खनिज काढण्याचा हक्क मिळत नाही. साधी रेतीसुद्धा गौण खनिज असून तिला महसूल खात्याची परवानगी लागते. परवानगीशिवाय ओढ्यातून ट्रक भरला तर दंड ट्रकवाल्याला आणि माल घेणाऱ्यालाही होऊ शकतो. बयाणा घेणारा त्या वेळी गावात नसतो.

चामड्याच्या धंद्यातले क्रोम

आता आपल्या हातातल्या क्रोमकडे येऊ. चामड्याच्या धंद्यात ते सर्वांत जास्त आहे. पूर्वी कातडी कमावायची ती बाभळीच्या सालीत, हिरड्यात, आठवडेच्या आठवडे. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्झने क्रोमच्या क्षाराने कमावण्याची रीत पेटंट केली, १८९३ साली मार्टिन डेनिसने ती सोपी केली, आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. आपल्याकडे ही रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासला आली. तिथले क्रोमपेट हे उपनगर क्रोम लेदर कंपनीच्या नावावरूनच ओळखले जाते. आज जगातले दहापैकी आठांहून अधिक चामडे क्रोमवर कमावलेले असते. अर्धवट तयार ओल्या मालाला 'वेट ब्ल्यू' म्हणतात तो त्याच्या निळसर रंगामुळे, आणि तो रंग क्रोमचा.

धारावीच्या चामडे बाजारात माल घेणाऱ्याने क्रोमचे चामडे आणि सालीचे चामडे यांतला फरक ओळखायला शिकलेच पाहिजे. कापलेली कड पाहावी. न रंगवलेल्या क्रोम चामड्याची कड आतून निळसर-करडी दिसते, सालीच्या चामड्याची तांबूस-तपकिरी. खात्री हवी असेल तर बोटभर पट्टी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे धरावी. क्रोमची पट्टी आकार टिकवून धरते, सालीची आक्रसून वळते. कोल्हापुरी चपलेच्या व्यापाऱ्यांना हे फार महत्त्वाचे आहे. अस्सल कोल्हापुरी ही सालीच्या चामड्याची. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्हे आहेत. क्रोमच्या चामड्याची चप्पल त्या नावाने विकणे हा गिऱ्हाइकाशी खोटेपणा तर आहेच, निर्यातीत तो उघडाही पडतो.

कारण असे. क्रोमची दोन रूपे व्यापारात येतात. एक तीन संयुजेचे, हिरवे-निळे, चामड्यात बसणारे, तुलनेने निरुपद्रवी. दुसरे सहा संयुजेचे, पिवळे-नारिंगी, पाण्यात चटकन विरघळणारे. धंद्यात त्याला हेक्झाव्हॅलंट म्हणतात. हे त्वचेला इसब आणते, नाकाचा पडदा खाते, आणि श्वासातून वर्षानुवर्षे गेले तर फुप्फुसाचा कर्करोग होतो. चामडे तीन संयुजेच्या क्षारानेच कमावतात, पण कमावणी आणि पुढची प्रक्रिया नीट झाली नाही, माल फार तापला, उन्हात पडून राहिला किंवा अल्कली जातीचे द्रव लागले तर त्यातले थोडे क्रोम रूप बदलते. १ मे २०१५ पासून युरोपात कातडीला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूत किलोमागे ३ मिलिग्रॅमहून जास्त सहा संयुजेचे क्रोम चालत नाही. एका नमुन्यात जास्त निघाले तर सगळी खेप परत. म्हणून निर्यातीच्या ऑर्डरीसाठी चामडे घेताना टॅनरीकडून या एका गोष्टीचा तपासणी दाखला मागून घ्यावा. क्रोम चामड्याच्या कतरणी चुलीत किंवा भट्टीत जाळणेही बंद करावे, कारण जळताना हेच रूप तयार होऊ शकते.

सांडपाण्याचा हिशेबही ऐकावा. शंभर किलो कातडीला साधारण आठ किलो क्रोम पावडर लागते. जुन्या पद्धतीत तिच्यातला साठ-सत्तर टक्केच भाग कातडीत बसतो. उरलेली अडीच-तीन किलो गटारात जाते. म्हणजे पैसेही गटारात जातात. ते पाणी गोळा करून क्रोम परत काढणे किंवा पुढच्या घाण्याला वापरणे यात टॅनरीवाल्याचाच फायदा आहे. तामिळनाडूत वाणियंबाडी, आंबूर, राणीपेट या गावांत चामड्याचा धंदा मोठा आणि त्यात आपले बांधव पुष्कळ. तिथल्या पालार नदीच्या प्रदूषणावरून २८ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला त्यात प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे स्पष्ट केले. राणीपेटला क्रोमचे क्षार बनवणारा एक कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला आणि मागे दोन लाख टनांहून अधिक कचरा टाकून गेला. पाऊस पडला की त्यातून पिवळे पाणी झिरपते. पाण्यात क्रोम सापडल्याची खरी बातमी आपल्या देशात अशी आहे. सुकिंद्यातही खाणींच्या ढिगाऱ्यांवरून येणारे पाणी दमसाल नाल्यात जाते आणि त्यात सहा संयुजेचे क्रोम आढळले आहे.

प्लेटिंग, भांडी आणि सिमेंट

क्रोम प्लेटिंगचा गाळा चालवणाऱ्यांचा तर थेट या विषारी रूपाशीच संबंध येतो. टाकीत लिटरमागे सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड आणि त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतके गंधकाम्ल असते. वीज चालू केली की बुडबुडे फुटून तांबूस धुके उडते. तेच नाकात जाते. जुन्या कारागिरांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडते आणि दुखत नसल्यामुळे कित्येक दिवस कळतही नाही. टाकीच्या कडेला ओढ पंखा, पाण्यावर तरंगणारे प्लॅस्टिकचे गोळे किंवा धुके दाबणारे द्रावण, रबरी हातमोजे आणि हातावरच्या लहान जखमेलाही पट्टी, एवढे तर हवेच.

धुण्याचे पिवळे पाणी तसेच सोडू नये. कायद्याची मर्यादा लिटरमागे सहा संयुजेचे क्रोम ०.१ मिलिग्रॅम आणि एकूण क्रोम २ मिलिग्रॅम अशी आहे. रीत अवघड नाही. पाणी एका हौदात जमवून ॲसिडने पीएच अडीच-तीनवर आणावा, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून ढवळावे. पिवळा रंग जाऊन पाणी हिरवे होते. मग चुना टाकून पीएच आठ-नऊवर न्यावा, की हिरवट गाळ खाली बसतो. पाणी तपासून सोडावे आणि गाळ घातक कचरा घेणाऱ्या परवानाधारकाकडेच द्यावा, ओढ्याच्या काठी टाकू नये. हे काम बंद जागेत करू नये, कारण मेटाबायसल्फाइटचा वायू छातीत भरतो.

स्टीलच्या भांड्यांबद्दल थोडक्यात. स्टेनलेस म्हणवायला पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोम लागते. ३०४ जातीत १८ टक्के क्रोम आणि ८ टक्के निकेल. २०० मालिकेतल्या स्वस्त मालात निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेले असते. चुंबक चिकटत नाही म्हणून माल ३०४ आहे, हा समज दुकानदारांतही पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. दोन्ही जाती चुंबकाला सहसा दाद देत नाहीत. बॅटरीवर चालणारे थेंबाचे किट बाजारात मिळते, ते दोन्हींतला फरक रंगाने दाखवते. भंगाराचा घाऊक धंदा करणाऱ्याने ते खिशात ठेवावे.

गवंडी बांधवांचे हात खरखरीत होऊन भेगाळतात, खाज जात नाही, त्यालाही पुष्कळदा सिमेंटमधले हेच सहा संयुजेचे क्रोम कारण असते. युरोपात २००५ पासून त्याची मर्यादा दहा लाख भागांत दोन भाग ठेवली आहे आणि त्यासाठी सिमेंटमध्ये थोडे फेरस सल्फेट मिसळतात. इथे तोवर हातमोजे वापरणे आणि ओले सिमेंट लागल्यावर लगेच साध्या पाण्याने धुणे एवढाच उपाय. एकदा ही ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही आणि माणसाला धंदा बदलावा लागतो.

शेवटी, कोणाच्या जमिनीत खरोखरच शंका घेण्यासारखा धोंडा असेल तर त्याची सोय सांगतो. ताज्या फोडीचे दोन-तीन तुकडे आणि रेती असेल तर अर्धा किलो, स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगवेगळे भरावे. गाव, गट क्रमांक, ओढ्याची कोणती बाजू आणि तारीख चिठ्ठीवर लिहावी. राज्य सरकारचे भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय नागपूरला आहे आणि भारतीय खाण ब्यूरोचे मुख्य कार्यालयही तिथेच. रायगडच्या वाचकांनी आधी अलिबागला जिल्हाधिकारी कचेरीतल्या खनिकर्म शाखेत चौकशी करावी. तपासणीची फी बयाण्याच्या मानाने किरकोळ असते. निकाल येईपर्यंत कोणालाही पैसे देऊ नयेत आणि कोणाकडून घेऊही नयेत.